गालाचा निकाल

नानांनी शुक्रवारपासून दाढी केली नव्हती, आणि त्याचा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक होता. रविवारी चाचणी होणार होती.

चाचणीची पद्धत कारखान्याइतकीच जुनी. जेवणघरातल्या फिरत्या खुर्चीत नाना बसायचे, डोळ्यांवर टॉवेल घ्यायचे आणि दोन मुलगे आपापला नवा शेव्हर घेऊन दोन बाजूंना उभे राहायचे. अर्धी दाढी एकाची, अर्धी दुसऱ्याची, सीमा हनुवटीच्या मधोमध. मशीन चालू असताना कोणी बोलायचं नाही. शेवटी नाना निकाल द्यायचे, घरचे टाळ्या वाजवायचे आणि तेच मॉडेल कारखान्यात बनायला लागायचं. इतर कंपन्या या कामासाठी माणसं गोळा करतात, त्यांना प्रश्न विचारतात, आलेख काढतात. या घराचं सगळं नानांच्या दोन गालांवर भागत आलं होतं.

गालही तसेच होते म्हणा. तरुणपणी ब्लेड फिरवलं की नानांचा चेहरा भाजल्यासारखा लाल व्हायचा, टॉवेल टेकवला तरी झोंबायचा. त्या वैतागातूनच त्यांनी एक पत्र्याची शेड भाड्याने घेतली आणि स्वतःपुरता विजेचा शेव्हर बनवला. पुढे तो शेजाऱ्यांनी मागितला, मग दुकानदारांनी. नानांच्या गालाला जे चालतं ते जगाला चालतं, असा घराचा विश्वास बसला तो कायमचा.

या वेळच्या निकालाला मात्र एक शेपूट जोडलेलं होतं. नाना आता थकले होते. दोन वर्षांपूर्वी वरच्या फळीवरचा डबा काढताना ते स्टुलावरून पडले, डाव्या गालाचं हाड मोडलं, आत धातूची पट्टी बसवावी लागली. चेहरा पुन्हा पूर्वीसारखा दिसू लागला, पण कारखान्यातलं येणंजाणं कमी झालं ते झालंच. आता त्यांनी जाहीर केलं होतं की या वेळी ज्याचं मशीन पास होईल, डिझाइनच्या खोलीतलं त्यांचं टेबल त्याचं.

दादाला ते टेबल हवं होतं. तो थोरला, पन्नाशी ओलांडलेला, कारखान्यातली हत्यारांची खोली सांभाळणारा. शाळेतून आला की त्याच टेबलाखाली बसून तो स्प्रिंगा निवडायचा, आणि एक दिवस आपण टेबलाच्या वरच्या बाजूला बसणार हे त्याने तेव्हाच गृहीत धरलं होतं. मध्ये धाकटा भाऊ, छोट्या, येईल हे मात्र त्याने धरलं नव्हतं.

दादाला छोट्याचा हेवा वाटत होता. हे सरळ सांगितलेलं बरं, कारण घरात ते सगळ्यांनाच माहीत होतं. फक्त दादाची समजूत होती की आपण ते छान लपवलंय. नाना पडल्यानंतर दोन चाचण्या झाल्या, आणि दोन्ही छोट्याने जिंकल्या. दोन्ही वेळा नाना त्याला एवढंच म्हणाले होते, "कळलंच नाही." गालावर मशीन फिरून गेलं आणि कळलंच नाही, याहून मोठी शाबासकी शेव्हर बनवणाऱ्याला नसते. दादाच्या वाट्याला मात्र दोन्ही वेळा तासतासभर बोलणी आली. इथे ओढतं, तिथे तापतं, कानाखाली घासतं. नुसतं सांगून नानांचं समाधान व्हायचं नाही. ते दादाचं बोट धरायचे आणि आपल्या गालावर नेमक्या जागी टेकवायचे, "इथे, इथे बघ," म्हणून, पहिलीतल्या मुलाला अक्षर गिरवायला लावावं तसं. छोट्या तोवर बाजूला उभा राहून चहा पीत असायचा.

म्हणून या वेळी दादाने हट्टाने जाळी बारीक केली होती. शेव्हरच्या डोक्यावर बारीक छिद्रांची धातूची जाळी असते. केस तिच्यातून आत येतात आणि खालची पाती ते कापते. जाळी जाड असली तर गालाला घासते, पातळ असली तर लोण्यासारखी फिरते, पण फार पातळ केली की फाटते. किती पातळ चालेल याची हद्द नानांनी फार पूर्वी ठरवून दिली होती, आणि ती ओलांडू नकोस असं दादाला बजावलंही होतं. दादाने ती ओलांडली. स्वतःच्या गालावर फिरवून पाहिलं तेव्हा त्याला इतका आनंद झाला, की तिथेच थांबून त्याने मशीन डब्यात ठेवून दिलं.

शनिवारी दुपारी वहिनी त्याच्या शर्टांना इस्त्री करत होती. वहिनी म्हणजे दादाची बायको, पण सासूसासरे सोडले तर सगळं घर तिला वहिनीच म्हणायचं. छोट्याचे शर्ट त्याची आई, माई, स्वतः इस्त्री करायची, कारण वहिनीच्या हातची कॉलर तिला पटत नसे. छोट्याने लग्न केलं नव्हतं, आणि त्यामुळे माईच्या लेखी तो चाळिशी उलटली तरी अजून वाढत होता. वहिनीला त्या शर्टांचा राग होता. शर्टांचा राग माणसावर जायला फार वेळ लागत नाही.

"एक लक्षात आलंय का तुमच्या?" ती म्हणाली. "दोन्ही वेळा तो डाव्या बाजूला होता."

दादा म्हणाला की तो नेहमीच तिथे असतो. लहानपणापासून आपण खिडकीकडे उभे राहतो आणि छोट्या दाराकडे, त्यात काय.

"तेच म्हणते मी. ती बाजू लाभते. उद्या तुम्ही तिकडे उभे राहा."

दादाने तिला वेड्यात काढलं. यंत्रांच्या घरात राहून असलं काही बोलू नये, म्हणाला. वहिनीने इस्त्री कॉलरवर दोनदा जास्त फिरवली.

रविवारी सकाळी सगळे जेवणघरात जमले तेव्हा फिरती खुर्ची उलट तोंडाने बसवलेली होती. रोज ती कपाटाकडे बघायची, आज भिंतीवरच्या घड्याळाकडे. नानांच्या डोळ्यांवर ऊन येतं म्हणून फिरवली, वहिनीने सांगितलं. टॉवेलखाली ऊन कसं येईल, हे ताईच्या मनात आलं, पण ती काही बोलली नाही. वहिनीशी ताईचं सध्या बरं चाललं होतं, आणि ते किती दिवस टिकेल याचा भरवसा नसल्यामुळे ती ते जपून वापरत होती.

ताई मधली. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून घरी परत आलेली, आणि आता कारखान्याची सगळी विक्री सांभाळणारी. दुकानदारांचे फोन तिलाच यायचे. छोट्याची मागची दोन्ही मॉडेलं लोकांना त्रास देत होती. मानेवर पुरळ येते, दाढी झाल्यावर तासभर आग होते, केस उपटल्यासारखं वाटतं. तिने हे नानांना सांगितलं, तेव्हा लोक मशीन फार दाबतात असं म्हणून त्यांनी विषय संपवला. तिने दादाला सांगितलं, तर तो इतका खूष झाला की तिला सांगितल्याचा पश्चात्ताप झाला. दादाने तेच नानांच्या कानावर घातलं, आणि ते दादाच्या तोंडून आलं म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. तेव्हापासून ताई एक महिना दादाच्या बाजूने असायची आणि एक महिना छोट्याच्या. आज ती दादाच्या बाजूने होती.

तिचंही स्वतःचं एक दुखणं होतं. शेव्हरच्या मुठीचा आकार तिने काढलेला होता. ओल्या हातातून निसटू नये म्हणून अंगठ्याखाली दिलेला खळगा तिचा. पण मुठीची चाचणी कधी व्हायची नाही. दाढी नसलेल्या माणसाचं मत कोण विचारणार? या घरात हक्क गालावर उगवायचा, आणि तिच्या गालावर काही उगवत नव्हतं.

चाचणीआधी चहापाव झाला. खाताना नानांच्या ओठाशी डावीकडे पावाचा तुकडा चिकटला. माईने समोरून आपल्याच गालाला बोट लावलं, नानांनी लगेच रुमालाने पुसलं. गेली दोन वर्षं हे रोज चाले. मुलांना ती म्हातारपणीची माया वाटे. ताईला त्या बोटाचा हेवा वाटायचा. आपल्याला असं काही न बोलता सांगणारं कोणी उरलं नाही, हे तिला रोज नाश्त्याच्या वेळी नव्याने आठवायचं.

"खुर्ची होती तशीच असू दे ना," माई म्हणाली.

"ऊन येतं, माई," वहिनी म्हणाली.

माईने वहिनीकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. तिने कप उचलला आणि चहा संपवला.

नाना बसले. टॉवेल डोळ्यांवर आला. दादा सवयीने खिडकीशी गेला, छोट्या सवयीने दाराशी. पाय रोजच्या जागी होते, खिडकीतून तोच रस्ता आणि समोरच्या दुकानाचं तेच अर्धं उघडलेलं शटर दिसत होतं, पण दादाच्या समोर आज नानांचा डावा गाल होता. त्याने मान वर करून वहिनीकडे पाहिलं. वहिनी टेबलावरचे पावाचे कण गोळा करत होती. अजूनही वेळ होता. खुर्ची फिरवा, म्हणायला किती वेळ लागतो? दादाने मशीनचं बटण दाबलं.

दोन्ही मशीनं एकदम सुरू झाली. छोट्याचं भरड आवाजाचं, जोरकस, दादाचं जवळजवळ ऐकूच न येणारं. दादाने कानापासून सुरुवात केली. गालफडावरून जाळी अशी सरकत गेली की त्यालाच खरं वाटेना. नाना हलले नाहीत. दादाला वाटलं, झालं, हे झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपल्या हाताखाली हा चेहरा शांत आहे. त्याचे डोळे भरून आले, आणि आपण एका शेव्हरपायी रडतोय हे लक्षात येऊन त्याने खिडकीकडे तोंड केलं.

दाराकडच्या बाजूला छोट्याला काहीतरी वेगळंच दिसत होतं. त्याचं मशीन नानांच्या उजव्या कानाखाली गेलं तसा नानांचा हात खुर्चीच्या दांडीवर आवळला. हनुवटीपाशी आल्यावर तर बोटं पांढरी पडली. छोट्याने याआधी हा हात असा कधी पाहिला नव्हता. त्याच्या वेळी नाना लाकडासारखे बसायचे. तो थोडा थांबला, पुन्हा मशीन टेकवलं, आणि नानांचा जबडा आवळलेला त्याला स्पष्ट दिसला. बोलायचं नाही हा नियम होता, म्हणून तो बोलला नाही.

दादाची बाजू पूर्ण झाली होती. ओठाच्या कोपऱ्याशी एक खुंट राहिल्यासारखा वाटला, तेवढ्यासाठी त्याने पुन्हा एकदा जोर देऊन मशीन फिरवलं. आवाज बदलला. दाताखाली खडा यावा तशी एक किरकिर झाली आणि दादाने मशीन उचललं. जाळी कडेला फाटून वर आली होती. ओठाच्या कोपऱ्यापासून गालावर एक तांबडी रेघ उमटली, बघता बघता रुंद झाली आणि खाली वाहायला लागली.

छोट्याचंही मशीन बंद झालं. टॉवेल अजून डोळ्यांवर होता.

"खिडकीकडचं," नाना म्हणाले, "कळलंच नाही. कधी आलं, कधी गेलं. हेच काढा."

दादा हे शब्द ऐकण्यासाठी दोन वर्षं जगला होता असं म्हटलं तर फार खोटं होणार नाही. रक्त हनुवटीवरून कॉलरवर उतरलं. वहिनीचे हात टाळीसाठी वर गेले होते ते तसेच राहिले. ताईने पुढे येऊन पाहिलं आणि ती मागे सरली.

"का रे? आज टाळ्या नाहीत?" नाना हसत म्हणाले. हसल्यावर रक्त दातांपर्यंत आलं.

माई उठली. तिने घाई केली नाही. फडकं ओलं केलं, पिळलं, आणि नानांच्या गालावर धरलं. कोणाचा तरी हात चेहऱ्याकडे आला एवढं त्यांना टॉवेलखालून जाणवलं असावं. त्यांनी टॉवेल काढला, माईच्या हातातलं फडकं पाहिलं, मग दादाचा चेहरा.

"तुम्हाला हे लागलं नाही?" दादाने विचारलं.

नानांनी माईकडे पाहिलं.

"त्यांना तिथे काही कळत नाही," माई म्हणाली. "पडले तेव्हापासून."

खोलीत प्रत्येक जण आपापला हिशोब करत होता, आणि सगळ्यांचे हिशोब एकाच ठिकाणी येऊन थांबत होते. पावाचा तुकडा, माईचं बोट, दाराकडची बाजू, दोन चाचण्या. ताईला दुकानदारांचे सगळे फोन एकदम आठवले. वहिनीला आठवली ती खुर्ची.

सगळ्यात आधी वहिनीच बोलली. माईला हे माहीत होतं, आणि तरी तिने दोन्ही वेळा थोरल्याला उजवीकडे उभं राहू दिलं, असं ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण त्यात इतक्या वर्षांच्या सगळ्या कॉलरी होत्या.

"मी कोणाला कुठे उभं केलं नाही," माई म्हणाली. "ते दोघं पोरं असल्यापासून तिथेच उभे राहतात. खुर्ची कोणी फिरवली, ते सांग."

वहिनी खाली बसली. ताई तिच्या बाजूला बसणार होती, ती आता माईच्या मागे जाऊन उभी राहिली.

"माईला बोलू नका," नाना म्हणाले. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गालातली संवेदना हळूहळू परत येईल, आणि आपण तिची वाट पाहत होतो, असं त्यांनी सांगितलं. पहिल्या वेळी छोट्याचं मशीन फिरलं तेव्हा त्यांना वाटलं की संवेदना आली असेल आणि मशीनच इतकं हलकं असेल. "कळलं नाही, म्हणून कळलं नाही म्हटलं. टाळ्या तुम्ही वाजवल्यात."

"आणि दुसऱ्या वेळी?" ताईने विचारलं.

"दुसऱ्या वेळी मला माहीत होतं." त्यांनी डाव्या गालावर हात फिरवला, दुसऱ्याच्या वस्तूवर फिरवावा तसा. "सांगितलं असतं तर परत कोण माझ्यापाशी मशीन घेऊन उभं राहिलं असतं? ज्याचा गाल गेला त्याला या घरात काय काम?"

ते खरं होतं.

नानांनी हात पुढे केला आणि दादाकडून त्याचं मशीन मागून घेतलं. फाटलेल्या जाळीवरून अंगठा फिरवला. किती पातळ केलीस, त्यांनी विचारलं. दादाने आकडा सांगितला.

"मी नको म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतं."

"मग का केलीस?"

"तुम्हाला कळू नये म्हणून," दादा म्हणाला. मग त्याला राहवेना. "दोन वर्षं मी प्रत्येक शब्द ऐकला तुमचा. कानाखाली तापतं म्हणालात, पाती बदलली. घासतं म्हणालात, डोकं स्प्रिंगवर बसवलं. आणि हा—" तो छोट्याकडे वळला. "तू मेलेल्या गालावर जिंकलास. दोनदा. आणि चहा पीत उभा होतास."

छोट्या भांडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. तो भांडला नाही. त्याने आपलं मशीन टेबलावर ठेवलं, त्याची वायर बोटाला गुंडाळली, सोडली.

"काय करणार होतो मी?" तो म्हणाला. "तुझ्याशी ते तासभर बोलायचे. तुझं बोट धरून दाखवायचे, इथे बघ, इथे बघ. मला दोन शब्द. कळलंच नाही. संपलं. मग पुन्हा तुझ्याकडे वळायचे. मला वाटायचं, याच्याइतकं वाईट मशीन तरी का नाही होत माझ्याकडून, की मलाही कोणी तासभर बोलेल." तो हसल्यासारखा झाला. "ते वाईट होतंच म्हणा. पण मला कोणी सांगितलंच नाही."

दादाने त्याच्याकडे पाहिलं. चहाचा कप हातात घेऊन बाजूला उभा असलेला छोट्या त्याला दोन्ही वेळचा आठवला. तो तेव्हा खुशीत आहे असं दादाने ठरवून टाकलं होतं. त्याच्या तोंडाकडे नीट पाहिल्याचं काही आठवत नव्हतं.

नानांनी दादाचं मशीन त्याला परत दिलं.

"टेबल तू घे," ते म्हणाले. "जाळी जाड कर आणि काढ."

एवढंच. दादा पुढच्या वाक्याची वाट बघत राहिला. पुढचं वाक्य नव्हतं. वहिनीने मान वर केली, ताईने दादाचा दंड दाबला, आणि त्याला जाणवलं की जे मिळायला हवं होतं ते सगळं आता मिळालंय.

"नाना," छोट्याने विचारलं, "आज माझ्या बाजूला काय कळलं?"

नानांनी खुर्ची दाराकडे फिरवली.

"बस," ते म्हणाले.

छोट्याने स्टूल ओढून घेतलं. आणि नाना बोलायला लागले. हे तू बाजारात कसं पाठवलंस, त्यांनी विचारलं. कानाखाली ओढतं, कापायच्या आधीच केस उपटतं, म्हणजे पाती उशिरा येते आहे. मोटरचा जोर नुसता आवाजात जातोय. हनुवटीच्या वळणावर डोकं वळतच नाही, नुसतं कडेवर उभं राहतं, आणि ती कड टोचते. छोट्याने टोचते म्हणजे नेमकी कुठे, असं विचारलं. नानांनी त्याचं बोट धरलं, आपल्या उजव्या जबड्यावर आणलं, इकडेतिकडे सरकवून नेमक्या जागी टेकवलं. "इथे. इथे बघ." गाल लाल झाला होता, जुन्या दिवसांसारखा. छोट्या पुढे वाकला होता, आणि बोलणी खाणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर इतकं सुख ताईने कधी पाहिलं नव्हतं.

माईने दादाच्या हातात कापूस आणि चिकटपट्टी दिली. रक्त थांबत आलं होतं. दादा खुर्चीच्या डाव्या बाजूला गेला, खाली वाकला आणि जखम पुसून पट्टी लावायला लागला. इतक्या जवळून नानांचा आवाज त्याच्या कानाशी घुमत होता. मोटरचं काय करायचं ते नाना छोट्याला सांगत होते, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य दादाला पाठ होतं, कारण ते सगळं एकदा त्याला सांगून झालेलं होतं. हेवा आज संपेल असं त्याला सकाळी वाटलं होतं. तो संपला नव्हता, उलट आता त्याला कुठे ठेवावं हेही कळत नव्हतं.

पट्टी बसली. ती सुटू नये म्हणून दादाने अंगठा त्या गालावर थोडा वेळ तसाच दाबून धरला. जरा जास्तच वेळ, आणि जरा जास्तच जोराने. नाना छोट्याशी बोलत होते. त्यांनी मान वळवली नाही.